भिंतीला नमस्कार

गिरजाअक्का कुणाच्याही घरी गेली की आधी भिंतीला नमस्कार करायची. देवाची तसबीर असलेल्याच नव्हे, कुठल्याही भिंतीला. हात जोडायची आणि मोठ्यांदा म्हणायची, "नमस्कार सायेब. ऐकी ऱ्हायनात ना?" मग पदर सावरून बसायची आणि बोलायला लागायची. माझ्या धाकट्या जावेला वाटलं, बाईचं डोकं फिरलंय. मी म्हटलं, फिरलेलं नाही गं, चांगलं ठिकाणावर आहे, आणि ठिकाणावर होतं म्हणूनच एका माणसाला नरडाणा सोडून जावं लागलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नरडाण्याजवळ एक मिरची-मसाल्याचा कारखाना होता. आम्ही बायका पॅकिंगला. दिवसभर शिंका आणि डोळ्यांतून पाणी. अक्का तिथं चहा करायची आणि बायकांची जेवणाची खोली सांभाळायची. उंच, हडकुळी, हनुवटीवर गोंदण. कुणी काही वावगं बोललं की ती भांडायची नाही, नुसतं म्हणायची, "बठ्ठं याद शे माले." आणि खरंच सगळं लक्षात असायचं. तिला एकदा टाकून बोललेल्या बाईला पुढं महिनाभर चहा गारच मिळायचा.

त्या वर्षी नवे मॅनेजर साहेब आले. मोठ्या शहरातले, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. त्यांनी आमच्या जेवणाच्या खोलीत भिंतीवर एक खोका बसवला. याला इंटरकॉम म्हणतात, असं त्यांनीच समजावून सांगितलं. कुणाला बोलवायचं तर आता माणूस पाठवायला नको, साहेबांनी केबिनमध्ये बटण दाबलं की इकडं आवाज. सकाळी त्यावर भजनंही लागायची. आम्ही खूश. आपल्यासाठी कुणी तरी काही तरी केलं म्हणून.

वत्सला माझ्या शेजारी पाकिटं सील करायची. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. एके दिवशी जेवताना तिनं दार लोटून घेतलं आणि आम्हाला सांगितलं की तिला दिवस गेलेत. घरी सासूलाही अजून बोलली नव्हती. जरा थांबते, म्हणाली, मागच्या वेळेसारखं व्हायला नको. दुसऱ्याच दिवशी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "अशा अवस्थेत मिरचीत काम नको. घरी आराम करा." किती गोड! पुढं बाळंतपणाची रजा द्यायला नको, हे त्यातलं खरं. वत्सलाची नोकरी गेली, आणि सासूला बातमी मिळाली ती गेटवरच्या वॉचमनकडून. ती पोर माझ्या गळ्यात पडून रडली तेव्हा मला त्या माणसाला मिरचीच्या पोत्यात घालून शिवावंसं वाटलं होतं. अजूनही वाटतं.

पण साहेबांना कळलं कसं? खोलीत आम्हीच होतो. बाहेरची एकटी अक्का, ती भांडी उचलायला आत आली होती, आणि केबिनमध्ये चहा घेऊन जाणारीही तीच. झालं. चुगलखोर म्हणून बायकांनी तिच्या हातचा चहा सोडला. ती आली की बोलणं थांबायचं. मी एकटी चहा घ्यायची, तोही विश्वास होता म्हणून नव्हे, चहाशिवाय माझं डोकं दुखतं म्हणून. अक्का भरलेली किटली तशीच परत न्यायची.

मग एका दुपारी ती केबिनमध्ये चहा घेऊन गेली, तर साहेब गेटवर ट्रक बघायला गेलेले. टेबलावरच्या यंत्राचं बटण खालीच राहिलं होतं. आणि त्यातून आमच्या पॅकिंगमधल्या कमलचा आवाज येत होता: "या गिरजीला एकदा धरून विचारलंच पाहिजे." मग माझा आवाज, मग सगळ्यांचा. आमच्या तोंडून स्वतःची सगळी निंदा अक्कानं तिथं उभी राहून ऐकली.

आमच्या खोलीत आली, कुणाकडं न बघता म्हणाली, "नळवर चला." नळावर तिनं आम्हाला आमचीच वाक्यं ऐकवली. कोण काय म्हणालं, कोण हसलं. आमची बोबडीच वळली. "भूत नही मी," ती म्हणाली. "त्यान्हा टेबलवर तुमना आवाज येस."

कमल खोका फोडायलाच निघाली. मी म्हटलं, वायर कापू. अक्कानं दोघींचे हात धरले. "तोडू नका. त्यानी लावेल शे ना, त्याले तठेच भेटू."

त्या दिवसापासून खोलीत आम्ही शब्द काढला नाही. साहेबांनी बटण दाबावं आणि नुसता भाकरी चावल्याचा आवाज ऐकावा. बोलणं सगळं नळावर. आणि नळावर अक्का आम्हाला गाणं शिकवत होती.

आमच्याकडं लग्नात बायका व्याह्याचं नाव घेऊन शिव्यांची गाणी म्हणतात. ज्याचं नाव आलं त्यानं चिडायचं नाही, उठून जायचं नाही. शेवटी बाई पदर पसरते, त्यात काही टाकल्याशिवाय सुटका नाही. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा झाली. धुळ्याहून शेठ आले, त्यांची म्हातारी आई आली, जळगावचे दोन व्यापारी आले. सगळी मंडळी केबिनमध्ये बसली. अक्का चहा घेऊन गेली आणि ट्रे ठेवता ठेवता तिनं बटण दाबलं. इकडं आम्ही तयारच होतो; तिकडं काय झालं ते अक्कानं नंतर सांगितलं.

"सायेब बठना खुर्चीवर, कान त्यान्हा भितवर,
बायासन्या गोठी ऐकस, लाज नही तोंडवर."

साहेब ताडकन उठले, यंत्राकडं हात गेला. शेठच्या आईनं त्यांना थांबवलं. "बसा हो. गाण्यात नाव आलं तर उठायचं नसतं. आमच्यातही गातात." म्हातारी हसत ऐकत होती. मग पुढचं कडवं आलं.

"वत्सलानी गोट ऐकी, लेकरूवालीले काढी दिधं,
आराम कर म्हने पोरी, पोटवर पाय दिधा."

म्हातारीचं हसू गेलं. "ही वत्सला कोण?" तिनं विचारलं. अक्कानं साहेबांपुढं पदर पसरला. "सायेब, तुमनं नाव उनं. आते टाका पदरमा. आमले वत्सला पाहिजे."

म्हातारीनं लेकाकडं पाहिलं. शेठनी तिथंच सांगितलं की वत्सलाला परत घ्या, रजाही द्या, आणि ही भानगड बंद करा. साहेबांची तर तिथूनच उचलबांगडी होणार होती. पण अक्काच म्हणाली, "त्याले नका काढू शेठ. आठेच ऱ्हाऊ द्या." शेठना वाटलं, काय मोठ्या मनाची बाई! आम्हालाही तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी साहेब पॅकिंगमध्ये आले आणि अक्कानं तोंड मिटून त्या गाण्याची चाल धरली. शब्द नाही, नुसतं गुणगुणणं. आम्ही सगळ्यांनी उचललं. साहेब पुढं गेले, चाल त्यांच्या मागं गेली. रोज. जिन्यात, गेटवर, संडासाच्या वाटेवर. गुणगुणलं म्हणून मेमो कसा द्यायचा? दिला असता तर कशाची चाल, ते लिहावं लागलं असतं. साहेब दार लावून जेवायला लागले. इस्त्री गेली. मला विचाराल तर त्या वर्षाइतकी चविष्ट भाकरी मी कधी खाल्ली नाही.

पुढं वत्सलाला मुलगी झाली. ती कामावर परतली तेव्हा साहेबांनी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. वत्सला भोळी, तिनं देऊनही टाकली. अक्का कपबशा विसळत होती. साहेब तिच्याजवळ जाऊन म्हणाले, "अक्का, आता तरी पुरे."

"तिनी दिधी माफी. मी नही दिधी," अक्का म्हणाली. "वत्सलानी नोकरी परत भेटनी. मन्ही भरेल किटली परत जाये, ते बठ्ठं याद शे माले." आणि तिथंच तिनं चाल धरली. महिन्याभरात साहेबांनी स्वतः होऊन बदली मागून घेतली.

भिंतीला नमस्कार तेव्हापासूनचा. पुढं नव्वदीत भाच्याच्या घरी फोन आला, तेव्हा ती फोनलाही नमस्कार करायची. भाचा चिडायचा, कुणी ऐकत नाही म्हणायचा. "खोकानी काय चूक?" ती म्हणायची. "कान कोना शे, ते देख."

अक्का वारली ती भाच्याकडंच, शिंदखेड्याला. तिच्या दहाव्याला गेले होते. येताना नरडाण्याच्या फाट्यावर धुळ्याची बस धरली. कमल, वत्सला, सगळ्या भेटल्या होत्या, रडून रडून डोकं ठणकत होतं. कंडक्टर आला. माझ्या पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं सुटे पैसे काढले आणि म्हणाला, "एक धुळे."

आवाज मी लगेच ओळखला. तसाच गोड. केस पांढरे, मान बारीक झालेली, मांडीवर औषधाची पिशवी. क्षणभर कीवही आली, खोटं कशाला बोलू. मग परत नेलेली किटली आठवली.

मी तोंड मिटून चाल धरली.

त्यानं मागं वळून पाहिलं नाही. कान मात्र लाल होत गेले. सोनगीरला बस थांबली तेव्हा तो पिशवी छातीशी धरून उठला आणि भर उन्हात खाली उतरला. तिकीट त्याचं धुळ्याचं होतं.

बस सुटली. मी खिडकीच्या काचेला हात जोडले आणि म्हटलं, "अक्का, उतरला."