हळदीचे आठ सेकंद

भूत, भानामती, करणी... आपला विश्वास शून्य! पंचवीस वर्षं लग्नांचं शूटिंग केलंय. स्मशानाला खेटून असलेल्या कार्यालयातही पोटभर जेवून आलोय. पण एकदा मात्र हात टेकले. ठिकाण : कोल्हापूर, शनिवार पेठ, पहिल्या मजल्यावरचा माझा स्टुडिओ. व्हिडिओ कॅसेट जाऊन सीडी येत होती ते दिवस. वेळ भर दुपारची — भुतंसुद्धा वामकुक्षी घेतात तेव्हाची!

लग्न गडहिंग्लजचं. नवरी रूपाली. आई लहानपणीच गेलेली, विधवा आत्यानं, म्हणजे सुशीलाक्कांनी, वाढवलेली. हळदीला सवाष्णी पुढे आणि आक्का दाराआड. शेवटी रूपालीच पाटावरून उठली, आक्कांचा हात हळदीच्या वाटीत बुडवला आणि आपल्या गालाला लावून घेतला. आठ सेकंद. माझ्या कॅमकॉर्डरनं अचूक टिपले... कॅमेरा कुणाच्या हातात होता!

लग्न लागल्यावर रूपालीचे काका, अण्णा, मला बाजूला घेऊन म्हणाले, "तेवढं काढून टाका. पाचपरतावनाला पोरीला घेऊन सासरची माणसं आपल्या घरी येणार, सीडी बघणार. अपशकुन नको."

गिऱ्हाईक म्हणेल ते! मी मान डोलावली. त्याची आजही लाज वाटते.

एडिटिंगला बसलो. त्या शॉटला कात्री लावली — सॉफ्टवेअर बंद. पुन्हा चालू, पुन्हा कात्री, पुन्हा बंद. टेप नव्यानं कॉम्प्युटरवर उतरवली, कॅमकॉर्डरचं हेड पुसलं, रॅम बदलली, सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. वरात कापली, जेवणावळ कापली — बिनतक्रार. आठ सेकंदांना हात लावला की संपलं! शेवटी टेप घेऊन दोस्त बाबूरावच्या स्टुडिओत गेलो. त्याचं मशीन वेगळं, सॉफ्टवेअरही वेगळं. तिथंही तेच.

बाबूराव म्हणाला, "मर्दा, टेप चांगली हाय. तुझ्या कात्रीतच खोट हाय."

"म्हंजे?"

"न कापता अख्खी फिल्म रेंडर मार की एकदा!"

मारलं. एका दमात फिल्म तयार!

दुसऱ्या दिवशी पाचपरतावन. सीडी घेऊन गडहिंग्लजच्या एसटीत बसलो. अण्णांना सांगायची छाती झाली नव्हती. भरल्या घरात सीडी लागली, हळद आली... आणि अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की मी दरवाजा किती लांब आहे ते मोजलं.

"ह्या कोण गं?" रूपालीच्या सासूबाईंनी विचारलं.

"माझी आत्या. हिनंच मला लहानाची मोठी केली."

सासूबाईंनी मागं वळून पाहिलं. मग उंबऱ्यात उभ्या आक्कांना म्हणाल्या, "मग तिथं का हुब्या? या की पुढं, हितं माझ्याजवळ बसा. — ओ शूटिंगवालं, मागं घ्या ते, परत दावा!"

तीनदा दाखवलं. तिसऱ्यांदा आक्का हळूच म्हणाल्या, "गालाला हळद जरा जास्तच लागली की!" अण्णा चहा आणायला उठले... जन्मात पहिल्यांदा, असं त्यांची बायकोच म्हणाली.

तेव्हापासून मी चार मशीनं बदलली. दरवेळी नव्या मशीनवर आधी तेच आठ सेकंद कापून बघतो. दरवेळी बंद पडतं. का? कुणालाच सांगता आलेलं नाही, मलाही नाही. मी आपला खुर्चीत रेलतो, छाती फुगवतो आणि बघणाऱ्याला सांगतो — शॉट आपला हाय, पावणं!