शेवटच्या गटातले दोघे

गोल्फचं मैदान मी आजवर प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. आमच्या डहाणूजवळच्या चिखले गावात मोकळी जागा दिसली की कोणीतरी चिकूची कलमं लावतो, नाहीतर पोरं स्टंप ठोकतात. तरी त्या आठवड्यात गोल्फपायी माझा जीव जेवढा खालीवर झाला तेवढा माझ्या दहावीच्या निकालापायीसुद्धा झाला नव्हता. दसरा नुकताच झाला होता, ऑक्टोबरचा तो चिकट उष्मा होता आणि मला एका जागी बसवत नव्हतं.

मूळ सगळं आमच्या मुलीचं. ती नोकरीसाठी स्कॉटलंडला आहे. तिकडे तिच्या ऑफिसातली मंडळी फोनवर फँटसी गोल्फ खेळतात. म्हणजे खेळायचं काहीच नाही. खरे खेळाडू मैदानावर घाम गाळणार, आपण त्यातले सहा जण आपले म्हणून निवडायचे आणि त्यांच्या कामगिरीचे गुण आपल्या खात्यात जमा. पैशाबिशाचा संबंध नाही, नुसती चढाओढ. तिनं एकदा गंमत म्हणून बाबांना त्यात घेतलं आणि आमचे हे त्यात असे रमले की बागेत झाडाखाली उभे राहूनही फोनमध्ये गोल्फच बघायचे. कमी फटक्यांत चेंडू भोकात घालेल तो पुढे, एवढं मीही त्यांच्याकडून शिकले. चार दिवसांची स्पर्धा असते आणि दोन दिवसांनी निम्म्या खेळाडूंना घरी पाठवतात, हेही शिकले. नको असताना शिकले.

आता खरी गोष्ट सांगते. ह्यांच्या छातीचं दुखणं त्याआधी सुरू झालेलं होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं, पण माझी सगळी नोकरी नर्स म्हणून तलासरीकडच्या सरकारी दवाखान्यांत गेली आहे. माणूस बागेतून येतो, पायरीवर टेकतो, चप्पल काढायच्या निमित्तानं उगाच बसून राहतो, हे माझ्या नजरेतून कसं सुटेल? विचारलं की एकच उत्तर, गॅस झालाय. ह्या गॅसची मला मनस्वी चीड आहे. एकदा दवाखान्यात एक माणूस बाकावर बसून मला असाच म्हणाला होता, सिस्टर, काही नाही, गॅस आहे, आधी त्या बाळवाल्या बाईला घ्या. मी बाईला घेऊन आत गेले. बाहेर आले तेव्हा तो गेलेला होता, बसल्या जागी.

डहाणूच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला आणि वापीच्या मोठ्या इस्पितळात जाऊन अँजिओग्राफी करून घ्या म्हणाले. ह्यांनी तो कागद कपाटात टाकला. ह्यांचे थोरले भाऊ असेच तपासणीला म्हणून गेले होते आणि परत आलेच नाहीत. तेव्हापासून त्या टेबलावर मी झोपणार नाही, हे ह्यांचं वाक्य. दसऱ्याला जेवायला सगळे नातेवाईक जमले होते, तेव्हा त्यांच्यासमोर भरल्या पंगतीत पुन्हा तेच म्हणाले. चारचौघांत बोललेला शब्द ह्यांनी कधी मागे घेतलेला मला आठवत नाही. लग्नात मला म्हणाले होते, मी शेवग्याच्या शेंगा खात नाही, तर अजून खात नाहीत, वास मात्र घेतात.

मुलगी माझ्यासारखीच तापट. फोनवर बापलेकीची जुंपली. शेवटी ती म्हणाली, "बाबा, असं करू. ह्या आठवड्यात इथे समुद्रकाठी मोठी स्पर्धा आहे. मी तुमच्या पुढे गेले तर तुम्ही मुकाट्यानं वापीला जायचं. तुम्ही माझ्या पुढे गेलात तर मी हा विषय पुन्हा कधी काढणार नाही."

"आईनंही काढायचा नाही," हे म्हणाले.

"आईनंही नाही."

मला कोणी विचारलंच नाही. मी तिथेच भाजी निवडत बसले होते. माझ्या नवऱ्याचं काळीज दोघांनी मिळून गोल्फवर लावलं होतं आणि माझं तोंडही त्यातच बांधून टाकलं होतं. मी ठरवलं, ह्यांना हरवायचं. त्यात मला तेव्हाही काही वावगं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

संधी ह्यांनीच दिली. त्या खेळात तीन गट असतात. पहिल्यात नावाजलेले, दुसऱ्यात मधले आणि तिसऱ्यात ते, ज्यांना कोणी विचारत नाही. मुलगी त्यांना अंडरडॉग म्हणते. आमच्याकडे चिकू निवडून झाले की तळाला जी बारकी फळं उरतात, तशी ही मंडळी. प्रत्येक गटातून दोघे घ्यायचे, आणि शेवटच्या गटातल्यांचे गुण दुप्पट धरतात, कारण त्यांनी जिंकणं कठीण. पहिले चौघे निवडून ह्यांनी फोन माझ्यापुढे केला आणि म्हणाले, "शेवटचे दोघे तू घे. तुझ्या हाताला गुण आहे."

हंगामाची पहिली पाटी भरायला आमच्या घरात मलाच बोलावतात, तेवढा माझ्या हाताचा लौकिक आहे. पण त्या दिवशी माझा हात दुसऱ्याच कामाला निघाला होता. नावं तर मला वाचताही येत नव्हती. पण कोण सकाळी खेळणार आणि कोण दुपारी, हे नावापुढे लिहिलेलं होतं. आणि मुलगी फोनवर म्हणाली होती की पहिल्या दिवशी वारा आहे. झालं तर. समुद्रकाठी वारा कधी सुटतो हे मला कोणी शिकवायला नको. आमच्याकडे सकाळी पाणी कसं निवांत असतं, वाळत घातलेली साडी हलत नाही. जेवणं झाली की खाडीकडून वारा उठतो आणि दारं आपटायला लागतात. धाकटी डहाणू गावातल्या बायका मासळीसुद्धा त्या हिशेबानं वाळत टाकतात. म्हणून दुपारी खेळणाऱ्यांमधले, सगळ्यात तळाचे दोन खेळाडू मी शोधले. चेंडू उडवतील आणि वारा तो समुद्रात टाकेल, असं माझं गणित होतं.

"का गं हे दोघे?" ह्यांनी विचारलं.

"असंच. चेहरे बरे वाटले."

ह्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि बटण दाबलं.

पहिल्या दिवशी त्यांची सकाळ म्हणजे आपली दुपार. मी अंगण झाडलं, मग पुन्हा झाडलं. भांडी घासून झालेली होती ती काढून परत घासली. हे फोन घेऊन झोपाळ्यावर बसलेले आणि मी दर थोड्या वेळानं काहीतरी निमित्त काढून मागून डोकावायची. तिकडे वारा सुटला होता, पण सकाळीच. टोप्या उडत होत्या, मोठमोठे खेळाडू गवतात चेंडू शोधत फिरत होते. मुलीचे दोन भारी खेळाडू त्या वाऱ्यात पार भुईसपाट झाले. आणि माझ्या दोघांची पाळी आली तेव्हा तिकडे झाडाचं पान हलत नव्हतं. दोघं असे खेळले की समालोचन करणाराही चकित.

मी म्हटलं, असू दे, उद्या आहे. उद्या माझ्या दोघांची पाळी सकाळी होती. तर त्या दिवशी मेला वारा दुपारी सुटला. मला वाटलं, हा वारा काय माझ्याशी वैर धरून बसलाय? आमच्या किनाऱ्याचा नेम त्या परक्या समुद्राला लावायला गेले, ही माझी चूक. पण चिखल्यात जन्म काढलेल्या बाईनं दुसरं काय करावं? निम्मे खेळाडू घरी गेले, त्यात मुलीचे दोघे होते. माझे दोन्ही राहिले.

पुढचे दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. बागेत गेले की वाटायचं घरी ह्यांना काही होईल, घरी आले की वाटायचं फोनमध्ये काहीतरी घडेल. देवापुढे दिवा लावताना काय मागावं तेच कळेना. दोन परक्या माणसांचं वाईट होऊ दे, असं देवाला सांगायची पाळी माझ्यावर आली होती. मी सांगितलंही. जिंकणारा माणूस जसा मिशीत हसतो तसं ह्यांचं काही नव्हतं. उलट जेवताना घास हातात धरून बसायचे.

रविवारी दिवेलागणीनंतर निकाल लागला. माझ्या दोघांतला एक तिसरा आला. आमचे हे मुलीच्याच काय, तिच्या अख्ख्या ऑफिसाच्या पुढे गेले. लगेच तिचा फोन.

"बाबा, अभिनंदन," ती म्हणाली. आवाज रडवेला होता, पण सांभाळून बोलत होती. "मी शब्द दिलाय. नाही काढणार विषय." मग तिनं पाऊस विचारला, चिकूला बहर कसा आहे विचारलं, शेजारच्यांची म्हैस व्याली का तेही विचारलं. छातीचं तेवढं सोडून सगळं विचारलं आणि फोन ठेवला.

माझा संयम संपला. "झालं समाधान?" मी म्हटलं. "तुम्हाला हरवायला निवडले होते मी ते दोघे. दुपारी वारा सुटेल, पडतील तोंडावर, असं वाटलं होतं मला. तुमच्या विजयाला आग लागो."

मला वाटलं चिडतील. हे झोपाळ्याची कडी धरून बसले होते. म्हणाले, "माहीत होतं मला."

"काय माहीत होतं?"

"तू मला पाडणार ते. म्हणून तर शेवटचे दोघे तुझ्याकडे दिले. माझे चार मी नीटच निवडले. मुद्दाम हरायला मला जमत नाही, तुला ठाऊक आहे." मग खाली बघून म्हणाले, "गंजाडला शेणखत बघायला गेलो होतो ना, तेव्हा चढावर बसावं लागलं मला. बराच वेळ उठता येईना. घाम सुटला होता. एकटाच होतो."

एवढा मोठा माणूस मनातून हरायची वाट बघत होता, म्हणजे कोणापुढे माघार न घेता वापीला जाता आलं असतं. आणि मी त्याला जिंकवून बसले होते. संताप आला, रडू आलं, दोन्ही एकदम.

"आता?" ह्यांनी मला विचारलं. इतकं घाबरलेलं तोंड मी ह्यांचं कधी पाहिलं नव्हतं.

"मला नका विचारू. माझं तोंड तुम्ही बांधलंय."

ह्यांनी पायानं झोपाळा थांबवला. मग म्हणाले, "तिला फोन लाव."

"ती विषय काढणार नाही. तुमचीच पोरगी आहे, मेली तरी काढणार नाही."

"तिनं नाही काढला तरी चालेल. तू लाव तर."

मी लावला आणि त्यांच्या हातात दिला. ह्यांनी तो कानाला नीट धरला, दुसरा हात छातीवर ठेवला, आणि ती हॅलो म्हणायच्या आत म्हणाले, "बाळा, मला दुखतं गं."