मेल्यावरचा वन्समोर

एकेकाळची ती सिनेमाची नायिका, मूळची इकडचीच, काम मागायला वडशाला, आमच्या नाटक कंपन्यांच्या गावी आली. पडदे ओढता ओढता मी नाटक कंपनीचा मालक झालो, तरी सिनेमावाल्यांना आम्ही गावठीच. म्हणून मानधनासाठी मुद्दाम घासाघीस केली. म्हातारीच्या मरणाचा प्रवेश तिला दिला. पदर सावरून ती पडायची. पहिल्याच गावात लोकांनी वन्समोर दिला. ती उठली आणि पुन्हा मेली.

"सिनेमातून गेल्यावर मले कोणी परत बलावलं नाई, भाऊ," रंग पुसत ती म्हणाली.

चामोर्शीच्या प्रयोगाला कोणीच ओरडलं नाही. ती वाट पाहत पडून राहिली. लोकांवर चिडून मीच विंगेतून ओरडलो, "वन्समोर!"

"तुमचा आवाज ओळखते मी, भाऊ," डोळे न उघडता ती पुटपुटली. "पाडा आता पडदा."