बाबूरावाची मूठ

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. जन्मभर शाळेत गणित शिकवलं... आता हसायचं तर हसा. पण हे मी स्वतः पाहिलंय.

१९५०च्या दशकातली गोष्ट. आम्ही चिंचवडगावात राहायचो. आक्काला — माझ्या थोरल्या बहिणीला — चाकणच्या पेठेत दिलं होतं. सासरचं घर खूप जुनं. रस्त्यावरचा सागवानी दरवाजा इतका कोरीव, की सरकारनं त्यावर ‘संरक्षित’ अशी पाटी ठोकलेली. तिन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. जायचं-यायचं त्याच दरवाजातून.

मेव्हणे तापानं गेले. तेरावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी, आक्काच्या धाकट्या दिरानं, बाबूरावानं, तिला घराबाहेर काढलं. तिनं दरवाजाची पितळी कडी घट्ट धरली. त्यानं तिचं एकेक बोट उलटं वाकवून सोडवलं. करंगळी मोडली. मी धावलो, तर त्याच्या गड्यांनी मला दाबून धरलं. सगळी पेठ बघत होती. आक्का रडली नाही... फक्त त्याच्या हाताकडे बघत राहिली.

दोन महिन्यांनी तिचं शिलाई मशीन आणायला गेलो, भांडायच्या तयारीनं. बाबूराव ओसरीवर बसलेला, दाढी वाढलेली.

“पाव्हणं, मशीन न्या. पन मला आदी भाईर काडा.”

मला वाटलं, डोकं फिरलंय. तो उठला, उंबऱ्याशी आला — आणि त्याचा उजवा हात आपोआप कडीवर गेला. मूठ आवळली. मी दोन्ही हातांनी जोर लावला, पण एक बोट उघडेना! नखं काळीनिळी पडली, तो ओरडायला लागला. आत ढकलल्याबरोबर मूठ सुटली. पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

“मग कडी उपटून टाका की,” मी म्हणालो.

“त्या पाटीचा सरकारी सायब यीऊन गेला. म्हनला, दरवाजाचा खिळा जरी हलला तरी खटला भरीन.” तो रडायला लागला. “वैनीस्नी घिऊन या. त्येंनी माफ क्येलं तर सुटंल.”

घरी येऊन आक्काला सगळं सांगितलं. “तू त्याला शाप-बिप दिला होतास का गं?”

“नाही रे. मी काय देवी आहे?”

“मग येतेस का चाकणला?”

तिनं मशीन पुसायला घेतलं. “दत्तू, याचा पट्टा आणलास ना?”

ती कधीच गेली नाही. बाबूराव पुढे अकरा वर्षं जगला, त्या घरातच. डॉक्टर म्हणाले, मनाचा रोग आहे. असेलही... पण त्याच्या मनाचा रोग, तर माझ्या हातांना ती बोटं का उघडता आली नाहीत? याचं उत्तर मला आजपर्यंत सापडलेलं नाही.

एक गोष्ट मात्र आक्कालाही सांगितली नव्हती. त्या दिवशी मी मशीन घेऊन निघालो, तेव्हा बाबूराव आतून हात जोडत होता. मी बाहेर आलो आणि दरवाजा माझ्याच हातानं ओढून घेतला.

फार बरं वाटलं होतं. अजूनही वाटतं.