पालकाच्या पानाला बांधलेला नट

कारखान्यात त्याला सगळे डुबकी म्हणत. लोखंडाला जस्त चढवायच्या खात्यात तो कढईवर होता. नाव कढई, पण तो खोलीएवढा हौद, वितळलेल्या जस्ताने भरलेला. साखळीला टांगलेला माल त्यात बुडवायचा आणि ठरल्या गतीने वर काढायचा. माल ओला राहिला तर जस्त उसळून अंगावर येतं. डुबकीच्या मानेवर आणि हातांवर तसे डाग होते, पण सगळे शिकाऊ असतानाचे. मी त्याच खात्यात माल उतरवायला होतो. त्याने काढलेल्या नगावर जस्ताचा थेंब लोंबतोय, म्हणून कानस मारून तो काढावा लागलाय, असं मला आठवत नाही. एवढं सांगितलं की माणूस कळावा.

निवृत्तीनंतर आम्ही एकाच इमारतीत राहायला आलो, तो वर आणि मी खाली. पुढे वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. गिळता येत होतं, पण त्या तोंडच उघडेनात. चमचा ओठाला लागला की दात घट्ट. डॉक्टरांनी सांगून ठेवलं, पोटात पुरेसं जात नसेल तर नाकातून नळी घालावी लागेल. वहिनींनी आपल्या आईला नळीवर पाहिलं होतं. धडधाकट होत्या तेव्हाच नवऱ्याला म्हणाल्या होत्या, मला तसं ठेवू नका. डुबकीने हो म्हटलं होतं. ते हो आता त्याच्या मानगुटीवर बसलं.

मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला. आईला डोळ्यांसमोर काहीतरी हलतं असावं म्हणून तिने काचेची टाकी आणि चार गोल्डफिश आणले, पलंगासमोर मांडले आणि रजा संपली तशी गेली. एक आजारी माणूस कमी होतं का, असं डुबकी माझ्याकडे येऊन कुरकुरला. पण टाकीचं काम घेतलं ते कढईसारखंच. पाणी एक दिवस आधी भरून ठेवायचा. काच आतून पुसायचा, बाहेरून पुसायचा.

थोड्याच दिवसांत एक मासा उलटा होऊन तरंगायला लागला. माशांच्या दुकानदाराने सांगितलं की कोरडं खाणं जास्त झालं, पोट फुगलंय. वाटाणा उकडा, साल काढा, बारीक करून द्या. डुबकीने तसं केलं. मासा सरळ झाला. पण खरी गोष्ट वेगळीच घडली. मासे वाटाणा ओढत होते तेव्हा वहिनींची नजर त्यांच्यावर होती आणि त्यांचे ओठ आपोआप हलले. पोराला भरवताना आईचं तोंड उघडतं ना, तसं. डुबकीच्या हातात उरलेले वाटाणे होते. त्याने बोटाने चिरडून चमच्यावर घेतले आणि पुढे केले. वहिनींनी खाल्ले.

मग रोजचा तोच क्रम झाला. एकाच पातेल्यात शिजवायचं, मीठ नाही, तेल नाही. माशांचा चिमूटभर वाटा वेगळा काढायचा, बाकीचं घोटून वहिनींचं. वाटाणा, गाजर, पालक, काकडी. कधी कलिंगडाचा बी काढलेला तुकडा, कधी सोललेलं द्राक्ष. आधी टाकीत, मग चमच्यात. मासे खात नसले तर वहिनींचे दात घट्टच. दुकानदार त्याला म्हणाला, “काका, मासे पाळलेत की जावई?” मीही म्हणायचो की आयुष्यभर लोखंडाला न्हाऊ घातलंस, आता माशांचा आचारी झालास. तो हसायचा. वहिनींच्या गालांवर मांस दिसायला लागलं होतं. हसणं त्याला परवडत होतं.

अडचण एकच होती. पालक आणि काकडी पाण्यावर तरंगतात. मासे वर जाऊन खायचे आणि पलंगावरून वहिनींना टाकीचा तळच दिसायचा. दिसलं नाही की तोंड बंद. म्हणून डुबकीने पानाला दोऱ्याने नट बांधून ते खाली सोडलं. आधी साधा लोखंडी नट घेतला. तो गंजला, पाणी लालसर झालं. गंज पाहून त्याला शिसारी आली. मग कपाटातून त्याने स्वतःच्या कढईतले नट काढले, जस्त चढवलेले, निवृत्त होताना सोबत आणलेले. ते गंजणार नाहीत याची त्याला खात्री होती. ते नट टाकीतच राहायचे, रोज नवं पान बांधलं जायचं. आमच्या खात्यातल्या कुणालाही ते स्वच्छच वाटलं असतं.

काही आठवड्यांनी मासे मंदावले. पर अंगाला चिकटवून एका कोपऱ्यात राहू लागले, पृष्ठभागावर येऊन हवा गिळू लागले. डुबकीने आपलीच मेहनत कमी पडते असं धरलं. पाणी जास्त वेळा बदललं. भाजी दोनदा धुतली. नटांवर पांढरी भुकटी धरत होती. ती त्याने लिंबाने घासून काढली आणि चकचकीत नट परत पाण्यात सोडले. पहिला मासा मेला. मग दुसरा. वहिनींचा घास अर्ध्यावर आला. तो डोळ्यांत तेल घालून टाकीसमोर बसायचा आणि तिसराही गेला.

शेवटी दुकानदाराकडे गेला तेव्हा मला सोबत घेऊन गेला. दुकानदाराने पाण्याचं विचारलं, खाण्याचं विचारलं. मग टाकीत आणखी काय काय आहे ते विचारलं. डुबकीने खिशातून नट काढून दाखवला. मला वाटतं, थोड्या अभिमानानेच दाखवला.

दुकानदाराने तो हातात घेऊन फिरवला. “काका, जस्त पाण्यात उतरतं. माशांना विष असतं ते.”

पांढरी भुकटी काय असते हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. माल ओला रचून ठेवला की तीच धरायची. जस्त सुटतंय, एवढाच तिचा अर्थ. खात्यात तो डाग होता, ब्रशने घासला की काम संपलं. परत येताना रस्ता ओलांडायच्या जागी तो थांबला आणि म्हणाला, “मी लिंबाने घासत होतो रे.” आंबटाने जस्त आणखीच सुटतं, हे त्याला मी सांगायला नको होतं.

नट काढले, पाणी बदललं, पण चौथा मासाही वाचला नाही.

त्याने मुलीला फोन केला. ती म्हणाली, आई झोपली असताना नवे चार आणून सोडा, सगळे सारखेच दिसतात. माझी बायकोही तेच म्हणाली. मीही. त्यात एक बाई उपाशी राहणार नव्हती, मग खोटं ते काय आणि किती.

डुबकीने ऐकून घेतलं. “कुणीही फसवावं अशी अवस्था झालीय तिची,” तो म्हणाला. “म्हणून मीच फसवू?”

तो पलंगापाशी खुर्ची ओढून बसला. मी दारात होतो. त्याने नट वहिनींच्या डाव्या हातात ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. खात्यातल्या साहेबाला बिघाडाची खबर द्यावी तसं, क्रमाने, काही न गाळता. माझ्या हाताने मेले, म्हणाला. वहिनींनी नटाकडे पाहिलं. त्यांनी वर्षानुवर्षं त्याचे करडे पडलेले कपडे धुतले होते, ही वस्तू कुठली हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. मग त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग मान भिंतीकडे वळवली. नट चादरीवर पडला.

त्यानंतर त्यांनी तोंड उघडलं नाही. राग होता, शोक होता की नुसता आजार पुढे सरकला होता, हे डॉक्टरही सांगू शकले नाहीत. मुलगी धावत आली. तिने स्वतः नवे मासे आणले. डुबकी बाही वर करून पालकाचं पान बोटांत धरून पाण्यात हात बुडवून उभा राहायचा, पान तळाशी, वहिनींच्या नजरेच्या रेषेत. हात सुन्न होईपर्यंत उभा राहायचा. मासे खायचे. वहिनी कधी बघायच्या, कधी नाही. ओठ हलले नाहीत.

मुलगी त्याला म्हणाली, “बाबा, खोटं बोलला असतात तर चार घास गेले असते.” ते खरं असू शकतं हे त्यालाही कळत होतं.

डॉक्टरांनी नळीचं विचारलं तेव्हा तो बराच वेळ दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये उभा होता. त्याने वहिनींना दिलेला शब्द मला ठाऊक होता, मुलीलाही ठाऊक होता. आम्ही दोघांनी जमिनीकडे पाहिलं. उपाशी ठेवणं त्याला जमलं नाही. त्याने सही केली.

आता तो पातळ केलेलं अन्न नळीतून घालतो. पिचकारी किती उंच धरायची, किती सावकाश सोडायचं, हे नर्सकडून एकदाच शिकला. घाई झाली तर वहिनींना ठसका लागतो. त्याच्या हातून कधी लागत नाही. अन्न उतरत असताना वहिनी छताकडे बघतात. एकदा मी विचारलं, तेवढ्या वेळात तू त्यांच्याशी काही बोलतोस का.

“नाही,” तो म्हणाला. “मी नळीकडे बघतो.”