कपाळावरचा हात

झोटवाड्यातल्या जनावरांच्या दवाखान्यात सीटी स्कॅन काढणारे ते गृहस्थ माणसांशी मोजकंच बोलतात. कुत्र्याला मशीनवर निजवलं, की त्याच्या कपाळावर हात ठेवून मात्र "माफ करना, सा" असं तिकडच्या अदबीनं म्हणतात, मग ते गल्लीतलं का असेना.

आमच्या चिमीला, सतत घोरणाऱ्या पग कुत्रीला, मी स्कॅनसाठी तिसऱ्यांदा नेलं होतं. तिची पिल्लं काढायचं मनात होतं, म्हणून सहज विचारलं, "इसके पिल्ले भी ऐसे ही चपटे होंगे ना?"

अभ्यासासाठी जमवलेल्या स्कॅनमधून एक काढून त्यांनी चिमीच्या स्कॅनशेजारी लावला. त्यातल्या गल्लीतल्या कुत्रीचा मेंदू ऐसपैस होता. चिमीचा आखूड कवटीत दाबून बसवल्यासारखा.

"ऐसे ही होंगे, सा."

मग माझा हात धरून त्यांनी तो चिमीच्या कपाळावर ठेवला, आणि वाट बघत उभे राहिले.