सगळ्यात वरचं नाव

तक योन्शिलला अपमान गिळायची सवय नव्हती. वांदो बेटावरच्या एका खाण्याच्या समुद्री शेवाळाच्या सहकारी संस्थेतले तेवीस कॉम्प्युटर ती नऊ वर्षं सांभाळत होती, तेही दर वर्षी नव्यानं कंत्राट मिळवून. रोज साडेसातला यायची आणि आधी व्यवस्थापक नामगुंग साहेबांच्या मशीनवर त्यांच्या नावानं लॉगिन करायची, म्हणजे त्यांची हजेरी लागायची. साहेब हमामखान्यात निवांत डुंबून दहाला उगवायचे. पासवर्ड तिनंच ठरवलेला. त्यांनी तो कधी विचारलाही नव्हता.

गेल्या हिवाळ्यात तिची कामावर यायची बोट धुक्यात अडकली. तिला उशीर झाला आणि त्या दिवशी साहेबांचीही हजेरी बुडाली. मग काय, तिला सगळ्यांसमोर उभं करून साहेब गरजले, "पन्नाशी आली, अजून घड्याळ कळत नाही का हो तुम्हाला?" शिवाय तिचं कंत्राट पुढे चालू ठेवू नये, असं कागदावर लिहून मोकळे झाले. योन्शिलनं त्याविरुद्ध संचालक मंडळाकडे अर्ज केला; निकाल लागेपर्यंत ती कामावर राहणार होती. पण खरं सांगायचं तर नोकरीपेक्षा तिला त्या माणसाची जिरवायची होती.

संधी साहेबांनीच हातात दिली. सगळ्या मशीनवर नवी प्रणाली बसणार होती. साहेबांनी सही-शिक्क्यानिशी हुकूम काढला: लॉगिन स्क्रीनवर सगळ्यांची नावं हुद्द्याप्रमाणे दिसावीत, पुढे आज लॉगिन केल्याची वेळ, नऊपर्यंत न आलेल्याचं नाव लाल. दुसऱ्याच्या नावानं लॉगिन करणारा आणि ते करवून घेणारा, दोघंही बडतर्फ.

मूळ स्क्रीनवर नुसत्या दोन चौकटी होत्या, नावाची आणि पासवर्डची. योन्शिलनं चार दिवस खपून त्या स्क्रीनच्या सेटिंगमध्ये हुकमाची ओळ न् ओळ उतरवली, एक तयार प्रत केली आणि तेवीसही मशीनवर चढवली.

शेजारच्या टेबलावरची सोल्मी म्हणाली, "ताई, आपल्याला छळायचं यंत्र आपणच बनवायचं? इतकं मन लावून?"

"हुकूम आहे बाई. कमी-जास्त करून कसं चालेल?"

मंडळ नवी प्रणाली बघायला आलं, त्या सकाळी योन्शिलनं साहेबांच्या मशीनला हातच लावला नाही. साडेनऊला सभागृहात मांडलेल्या आठही मशीनच्या स्क्रीनवर एकच नाव लालभडक होतं, सगळ्यात वरचं.

"हे लाल काय गं?" अध्यक्षा पे माल्सून यांनी विचारलं. उभा जन्म शेवाळ वाळवण्यात गेलेली म्हातारी, नजर तिखट.

"साहेब अजून आले नाहीत, अध्यक्षबाई."

दहाला साहेब आले, केस ओलेच. मंडळाला दाखवायचा वार्षिक अहवाल त्यांच्या मशीनमध्ये. ते खुर्चीत बसले आणि पासवर्डच्या चौकटीकडे बघत राहिले. मग योन्शिलजवळ येऊन कुजबुजले, "पासवर्ड सांगा. कंत्राट आजच करून देतो. अगदी कायमची नोकरी देतो, हवं तर."

कायमची! नऊ वर्षं ती ज्यासाठी झुरली, तेच. साहेब आता हसायला लागले होते.

"अध्यक्षबाई," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "साहेबांना स्वतःचा पासवर्ड माहीत नाही. नऊ वर्षं त्यांची खोटी हजेरी मी लावत होते."

म्हातारीनं हुकमाचा कागद मागवून वाचला. "म्हणजे यात तूही जाशील, पोरी."

"जाईन की," योन्शिल म्हणाली. "पण आधी त्यांचं लिहा. त्यांचा हुद्दा मोठा आहे."